निखळलेली बिजागरी

बारावीचे निकाल लागतात, प्रवेशाच्या याद्या झळकू लागतात आणि महाराष्ट्रातील हजारो सामान्य घरांत एका मोठ्या खरेदीची चर्चा सुरू होते. एकेकाळी ही चर्चा सायकलची असे. पुढे ती घड्याळाची, मग गणकयंत्राची झाली. आता ती लॅपटॉपची असते. अभियांत्रिकी, वाणिज्य, औषधनिर्माणशास्त्र, अगदी कला शाखेचाही विद्यार्थी आज या यंत्रावाचून पुढे सरकू शकत नाही. २०२० साली कोरोनाच्या संकटात शाळा-महाविद्यालये घरात आली, तेव्हापासून तर लॅपटॉप ही चैन आहे असे म्हणण्याचे धाडस कोणी करीत नाही. मग घरातील वडीलधारी मंडळी हिशेब मांडतात, अनामत मोडावी की हप्ते बांधावेत याचा खल होतो आणि अखेरीस पंचवीस-तीस हजारांचे एक यंत्र मोठ्या कौतुकाने घरात येते. पहिल्या दिवशी त्याला हळद-कुंकू लावले जाते. मराठी घरात शिक्षणाच्या साधनाकडे पाहण्याची ही रीत आहे आणि ती योग्यच आहे.

आमच्या कार्यालयातील एका सहकाऱ्याने गेल्या वर्षापूर्वी आपल्या कन्येसाठी असेच एक यंत्र घेतले. किंमत अठ्ठावीस हजार, हप्ते अठरा. मुलगी सातारा जिल्ह्यातील एका महाविद्यालयात अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला. यंत्र तिने जिवापाड जपले. चौदाव्या महिन्यात एके सकाळी तिने ते नेहमीप्रमाणे उघडले आणि 'कट्' असा आवाज झाला. पडद्याची कडा एका कोपऱ्यात फाकली, आतली बिजागरी बाहेर आली आणि पडदा एका बाजूला लोंबू लागला. कंपनीच्या सेवाकेंद्राने यंत्र पाहिले, कागद भरला आणि दोन शब्दांत निकाल दिला, 'फिजिकल डॅमेज'. अर्थात, तोडफोड ग्राहकाने केली! वॉरंटीची बारा महिन्यांची मुदत संपलेलीच होती. पण ती शिल्लक असती तरी उत्तर बदलले नसते, असे खिडकीवरील तरुणाने प्रामाणिकपणे सांगितले. दुरुस्तीचा खर्च साडेनऊ हजार. हप्ते अजून चार बाकी.

जो लॅपटॉप पडला नाही, आपटला नाही, ज्याच्यावर पाणी सांडले नाही, तो केवळ उघडल्यामुळे मोडला. उघडणे आणि मिटणे हे ज्या वस्तूचे नित्यकर्म, ती वस्तू उघडल्याने मोडते आणि दोष वापरणाऱ्याच्या माथी येतो! दाराची बिजागरी दीड वर्षात निखळली तर आपण सुताराला बोलावून चार शब्द सुनावतो. इथे मात्र सुतारच आपल्याला विचारतो की, दार उघडलेत कशाला?

हा प्रकार एकट्यादुकट्याचा असता तर त्यावर संपादकीय लिहिण्याचे कारण नव्हते. परंतु मुंबईच्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या लॅमिंग्टन रोडवर, अथवा पुण्यातील पासोड्या विठोबाच्या परिसरात एखाद्या दुरुस्तीच्या दुकानात तासभर बसून पाहावे. फाकलेल्या कडांचे, लोंबणाऱ्या पडद्यांचे लॅपटॉप एकामागून एक येताना दिसतील. दुरुस्ती करणारी मंडळी आता या दुखण्याला सरावली आहेत. कोणी दोन रसायने एकत्र करून घट्ट होणारा लांबी-लेप भरून त्यात खुंट पुन्हा बसवतो. कोणी सरळ पडद्याच्या पाठीला आरपार भोक पाडून नट-बोल्ट आवळतो. देखणेपण जाते, पण यंत्र चालते. सेवाकेंद्र ज्या कामाचे नऊ-दहा हजार मागते, ते काम ही मंडळी काही शे रुपयांत करून देतात.

दोष नेमका कुठे आहे, हे समजून घेणे उद्बोधक आहे. लॅपटॉपची बिजागरी दाराच्या बिजागरीसारखी सैल फिरत नाही. पडदा जिथे सोडावा तिथेच उभा राहावा म्हणून तिच्यात मुद्दाम घर्षण ठेवलेले असते. बिजागरी स्वतः पोलादाची असते आणि ती सहसा मोडत नाही. मोडते ते तिला धरून ठेवणारे प्लॅस्टिक. कवचाच्या आतल्या बाजूस प्लॅस्टिकचे छोटे पोकळ खुंट असतात, त्यांत आट्या पाडलेली पितळेची इवलीशी नळी गरम करून दाबून बसवलेली असते आणि त्या नळीत बिजागरीचा स्क्रू पिळलेला असतो. पडदा उघडताना लागणारा सारा पीळ त्या खुंटांवर येतो. बिजागरीतील वंगण कालांतराने सुकते, घर्षण वाढते, त्यात आपण पडदा मधोमध न धरता एका कोपऱ्याने उचलतो. खुंटाला आधी केसासारखी चीर जाते, मग पितळी नळी प्लॅस्टिकसह उपटून येते. दिवसातून दहा वेळा यंत्र उघडले तरी तीन वर्षांत सुमारे अकरा हजार वेळा हा पीळ पडतो. महागड्या यंत्रात हीच बिजागरी ॲल्युमिनियमच्या अथवा मॅग्नेशियम मिश्रधातूच्या सांगाड्याला जखडलेली असते, म्हणून ती टिकते. परंतु त्यासाठी सबंध यंत्र धातूचे करावे लागते असे नाही. खुंट थोडा जाड केला, त्याच्या पायथ्याला दोन कंगोरे दिले, पीळ तीन-चार ठिकाणी वाटला जाईल अशी धातूची एक पट्टी आतून घातली, तर प्लॅस्टिकचे कवचही वर्षानुवर्षे तग धरते. हा खर्च हजारांत मोजण्याचा नाही.

मग तो का केला जात नाही? कारण तो दिसत नाही. दुकानातील फलकावर प्रोसेसरचे नाव असते, मेमरीचे आकडे असतात, पडद्याचे इंच असतात, 'स्लिम' हा शब्द तर असतोच असतो. बिजागरीचे खुंट किती जाड आहेत, चार्जरची पिन ज्या खोबणीत शिरते ती मुख्य पाटीवर थेट डाग देऊन बसवली आहे की वेगळ्या वायरने जोडली आहे, कळफलक स्क्रूंनी बसवला आहे की प्लॅस्टिकचे खुंट वितळवून कायमचा चिकटवला आहे, हे कोणत्याही फलकावर लिहिलेले नसते. किंमत ठरलेली आणि दिसणाऱ्या गोष्टींत काटकसर करण्याची सोय नाही. मग सारी काटकसर न दिसणाऱ्या गोष्टींत होते.

वर उल्लेखिलेली खोबणीच घ्या. ती मुख्य पाटीवर डाग देऊन बसवलेली असेल आणि वायरीत कोणाचा पाय अडकला, तर हिसका थेट पाटीला बसतो. वेगळ्या वायरीने जोडलेली असेल तर काही रुपयांचा तो तुकडा बदलला की काम भागते. कळफलकाचीही तीच कथा. एक कळ रुसली तर पूर्वी चार स्क्रू सोडवून कळफलक बदलता येई. आता अनेक यंत्रांत त्याच्यासोबत वरचे सबंध कवच बदलावे लागते. अगदी स्वस्त यंत्रांत तर मेमरी आणि साठवणुकीची चकती, दोन्ही मुख्य पाटीवरच डाग देऊन पक्की केलेली असतात. साठवणूक निकामी झाली म्हणजे पाटी निकामी झाली आणि पाटी निकामी झाली म्हणजे यंत्र भंगारात गेले.

उष्णतेचा विषय आपल्याकडे तर जिव्हाळ्याचा. प्रोसेसरची उष्णता तांब्याच्या नळीतून पातळ पात्यांच्या जाळीकडे जाते आणि छोटा पंखा ती बाहेर फेकतो. स्वस्त यंत्रात ही नळी एकच आणि बारीक, पंखा लहान, हवा आत घेण्याच्या फटी यंत्राच्या पोटाशी. आपली मुले वसतिगृहाच्या खाटेवर, गादीवर यंत्र ठेवून अभ्यास करतात, फटी बुजतात. पात्यांत धूळ साचते, प्रोसेसर आणि नळी यांच्यामधील लेप सुकतो. यंत्र मग स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग कमी करते. 'लॅपटॉप वर्षभरात मंदावला' अशी जी तक्रार घरोघरी ऐकू येते, तिचे मूळ अनेकदा इथे असते; तो नेहमीच व्हायरसचा प्रताप नसतो. आणि एक गोष्ट तर आवर्जून सांगितली पाहिजे. बहुतेक लॅपटॉपच्या माहितीपत्रकात अगदी बारीक अक्षरांत लिहिलेले असते की, हे यंत्र ३५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या हवेत वापरावे. पस्तीस अंश! अकोला, चंद्रपूर, नागपूर, जळगाव येथे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो. ज्या विद्यार्थ्याच्या खोलीत वातानुकूलन नाही, त्याने उन्हाळी परीक्षेचा अभ्यास करूच नये, असा याचा अर्थ घ्यायचा काय? विदर्भातील उन्हाळा, कोकणातील पावसाळी दमट खारी हवा, खेड्यातील विजेचा लपंडाव आणि अर्थिंग नसलेले बोर्ड ही इथली नित्याची परिस्थिती आहे. ज्या देशात यंत्र विकायचे, त्या देशाचे हवामान लक्षात घेणे हा धंद्याचा साधा धर्म आहे.

टिकाऊपणाची जाहिरात मात्र जोरात होत असते. हल्ली तीस-चाळीस हजारांच्या यंत्रांवरही 'सैनिकी दर्जा' अशी मुद्रा झळकते. तिचा आधार असतो अमेरिकेच्या संरक्षण खात्याचे 'मिल-एसटीडी-८१०' हे प्रमाणक. हे प्रमाणक खरे आहे, त्यातील कसोट्याही कठोर आहेत. पण त्याचे प्रमाणपत्र देणारी कोणतीही अधिकृत संस्था नाही. अनेक कसोट्यांपैकी कोणत्या निवडायच्या, त्या कोणत्या प्रमाणात करायच्या, हे कंपनीच ठरवते आणि उत्तीर्ण झाल्याचेही कंपनीच सांगते. प्रश्नपत्रिका काढणारा, उत्तरे लिहिणारा आणि गुण देणारा एकच! अशा परीक्षेत आजवर कोण नापास झाले आहे?

'स्वस्तात मिळते ते असेच असणार' हे उत्तर आपल्याकडे इतके रुळले आहे की, त्याची परीक्षा करण्याचे कोणाला सुचत नाही. ती परीक्षा एकदा झाली आहे आणि तीही आपल्या रायगड जिल्ह्यात. अमेरिकेतील निकोलस निग्रोपॉन्टी यांनी २००५ साली गरीब देशांतील मुलांसाठी शंभर डॉलरच्या लॅपटॉपची कल्पना जगापुढे मांडली. भारताच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने २००६ मध्ये ती नाकारली. शैक्षणिकदृष्ट्या तिच्याविषयी शंका होत्या आणि त्यांतील काही रास्तही होत्या. तरीही २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातील खैराट या वाडीच्या एकशिक्षकी शाळेत या यंत्रांचा भारतातील पहिला प्रयोग झाला. त्या यंत्राच्या शैक्षणिक उपयुक्ततेविषयी मतभेद असोत, आमचा विषय त्याच्या बांधणीचा आहे. नेहमीच्या लॅपटॉपचे कवच सुमारे १.३ मिलिमीटर जाडीचे, तर याचे २ मिलिमीटर. फिरणारी हार्ड डिस्क नाही, पंखा नाही, म्हणजे बिघडणारे दोन मोठे अवयव मुळातच वजा. कळफलक रबरी पडद्याने झाकलेला, धूळ-पाणी सहजी आत शिरू नये म्हणून. पडदा भर उन्हात वाचता येणारा. आणि साध्या स्क्रू-ड्रायव्हरने उघडता यावे अशी रचना, एखादा स्क्रू हरवला तर पंचाईत नको म्हणून जादा स्क्रू यंत्राच्या आतच ठेवलेले! ही शेवटची गोष्ट आम्हांला फार मोलाची वाटते. खेड्यातील मास्तराच्या हातून स्क्रू हरवेल, हे ज्याच्या मनात आले, त्याने वापरणाऱ्याचा विचार केला होता.

ते यंत्र निर्दोष नव्हते. रबरी कळफलक काही ठिकाणी फाटले, स्पर्शपट्टीच्या तक्रारी आल्या, शंभर डॉलरची किंमत तर कधीच साधली नाही, ती दोनशेच्या आसपास राहिली. पण स्वस्त यंत्रही भक्कम बांधता येते, एवढे त्यातून निर्विवादपणे सिद्ध झाले. कमी किमतीत वेगाला कात्री लावायची की बांधणीला, ही निवड असते. निग्रोपॉन्टींच्या मंडळींनी वेगाला लावली. आजचा बाजार बांधणीला लावतो, कारण वेग फलकावर लिहिता येतो.

आपला स्वतःचा अनुभव याच्या उलट दिशेचा आहे. ५ ऑक्टोबर २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री कपिल सिब्बल यांनी मोठ्या गाजावाजाने 'आकाश' हा टॅब्लेट देशाला अर्पण केला. किंमत २,२७६ रुपये. जगातील सर्वांत स्वस्त अशी द्वाही फिरली. बोट दाबून रेटल्याशिवाय न ओळखणारा पडदा, क्षीण प्रोसेसर, लवकर मान टाकणारी बॅटरी, अशा तक्रारी आल्या. त्यावेळी प्रकल्पाची जबाबदारी असलेली राजस्थानची आयआयटी आणि पुरवठादार कंपनी यांच्यात वाद कशावरून झाला, हे आज विस्मरणात गेले आहे. पडणे, पाऊस, धक्के सहन करण्याच्या कसोट्यांवरून झाला. संस्थेला कसोट्या कडक हव्या होत्या, कंपनीला त्या या किमतीत अवास्तव वाटत होत्या. पुढे २०१२ मध्ये प्रकल्प मुंबईच्या आयआयटीकडे आला, सुधारित आवृत्ती निघाली, पण पहिल्या आवृत्तीने गमावलेला विश्वास परत आला नाही. सर्वांत स्वस्त असण्याचा मान मिरवण्याच्या नादात वस्तू वापरण्याजोगी असली पाहिजे ही पहिली अट मागे पडली. देशातील कल्पकतेची त्यातून झालेली थट्टा अधिक जिव्हारी लागणारी होती.

उत्पादकांची बाजूही ऐकली पाहिजे. तीस हजारांच्या यंत्रात १८ टक्के वस्तू व सेवा कर, वितरकाचे व दुकानदाराचे कमिशन, प्रोसेसर आणि पडद्याची डॉलरमधील किंमत, विंडोजचा परवाना हे सारे वजा जाता कवच-बिजागरीसाठी फार थोडे उरते, हे खरे आहे. अमेरिकेत विस्तारित वॉरंटी विकणाऱ्या स्क्वेअरट्रेड या कंपनीने २००९ साली सुमारे तीस हजार लॅपटॉपच्या नोंदी तपासल्या होत्या. तीन वर्षांत ३१ टक्के यंत्रे या ना त्या कारणाने निकामी होतात आणि त्यांतील साधारण दोन तृतीयांश दोष यंत्राचेच असतात, असा तिचा अंदाज होता. स्वस्त 'नेटबुक' प्रकारात यंत्रदोषाचे प्रमाण महागड्या यंत्रांपेक्षा सुमारे २० टक्क्यांनी जास्त निघाले. (वॉरंटी विकणाऱ्याला बिघाडाची भीती दाखवण्यात हितसंबंध असतो, हे ध्यानात ठेवूनच हे आकडे वाचावेत. शिवाय तो काळ फिरत्या हार्ड डिस्कचा होता.) तरीही एक गोष्ट लक्षणीय आहे. किमतीत दुपटी-तिपटीचा फरक असताना दोषांत फरक पाचव्या हिश्श्याचा होता. म्हणजे महाग ते टिकाऊ हे समीकरणही आपण समजतो तितके पक्के नाही.

आता थोडे स्वदेशीविषयी. जगातील बहुसंख्य लॅपटॉप, मग त्यांवर नाव कोणाचेही असो, क्वांटा, कॉम्पाल, विस्ट्रॉन, इन्व्हेन्टेक यांसारख्या मोजक्या तैवानी कंपन्या घडवत आल्या आहेत आणि त्यांचे कारखाने दीर्घकाळ प्रामुख्याने चीनच्या भूमीवर राहिले आहेत. भारताने १९९७ मध्ये जागतिक व्यापार संघटनेच्या माहिती तंत्रज्ञान करारात सामील होऊन संगणकांवरील आयातशुल्क शून्यावर आणण्याचे मान्य केले. तयार यंत्र शुल्काविना येऊ लागले आणि ते येथे घडवण्याची उमेद हळूहळू आटली. ही चूक उमगायला पाव शतक गेले. मे २०२३ मध्ये केंद्र सरकारने संगणक-सामग्रीच्या उत्पादनासाठी १७ हजार कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर केली. ३ ऑगस्ट २०२३ रोजी लॅपटॉपच्या आयातीवर परवान्याचे बंधन घालण्याचे जाहीर झाले, ते लगोलग पुढे ढकलले गेले आणि नंतर आयातीच्या नोंदणीवजा परवानगीची सौम्य पद्धत आली. दिशा योग्य आहे, तिचे आम्ही स्वागतच करतो. पण प्रोत्साहनाचे माप विक्रीतील वाढ आणि येथे बनलेले सुटे भाग यांवर ठरते. यंत्र किती वर्षे चालले, यावर नाही. परदेशात आखलेले कच्च्या बिजागरीचे यंत्र उद्या चेन्नईत किंवा नोएडात जुळवले गेले, तरी बिजागरी कच्चीच राहील. कवचाची रचना, त्याचे साचे, बिजागरीचा पीळ यांचा विचार येथील अभियंत्याने केला, तरच त्यात नागपूरचा उन्हाळा आणि रत्नागिरीचा पावसाळा उतरेल.

लोकमान्यांच्या काळातील स्वदेशीला भावनेचा आधार होता, पण ती केवळ भावनेवर जगली नाही. ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील ज्यांच्या माजघरात होता, त्या पिढीतील कोणी भेटले तर विचारून पाहावे. काच तडकली तर बाजारातून नवी काच येई, वात संपली तर वात येई. कंदील तोच राही. ग्राहकाला त्याच्यासाठी त्याग करावा लागत नव्हता.

सरकारच्या हाती एक मोठे शस्त्र आहे आणि ते आजवर नीट वापरले गेलेले नाही. सरकार हा स्वतःच लॅपटॉपचा प्रचंड मोठा गिऱ्हाईक आहे. तामिळनाडूने २०११ पासून, उत्तर प्रदेशाने २०१३ पासून विद्यार्थ्यांना लाखोंच्या संख्येने लॅपटॉप वाटले. शाळा, ग्रामपंचायती, तलाठी कार्यालये, विद्यापीठे यांची खरेदी वेगळीच. या खरेदीच्या निविदांत प्रोसेसर व मेमरीचे तपशील काटेकोर असतात आणि मग सर्वांत कमी दर देणाऱ्याला काम मिळते. बिजागरी किती हजार वेळा उघडझाप सहन करील, ४५ अंशांत यंत्र चालेल काय, बॅटरी व कळफलक स्वतंत्रपणे बदलता येतील काय, सुटे भाग पाच वर्षे मिळतील काय, हे चार प्रश्न निविदेत घातले आणि त्यांची तपासणी त्रयस्थ प्रयोगशाळेकडून करवून घेतली, तर एका रात्रीत बाजाराचा कल बदलेल. लाखभर यंत्रांसाठी भक्कम साचा बनवणाऱ्या कंपनीला तोच साचा किरकोळ ग्राहकासाठी वापरणे स्वस्तच पडते.

कायद्याची स्थितीही पाहण्यासारखी आहे. २०१२ च्या आदेशाने लॅपटॉपसाठी भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी सक्तीची झाली. यंत्राच्या मागे ती खूण असते. परंतु ते प्रमाणक सुरक्षिततेचे आहे. विजेचा धक्का बसू नये, आग लागू नये, एवढी हमी ते देते. यंत्र टिकेल काय, याविषयी ते मौन पाळते. फ्रान्सने १ जानेवारी २०२१ पासून लॅपटॉपच्या किमतीशेजारी त्याच्या दुरुस्तीसुलभतेचे दहापैकी गुण छापणे बंधनकारक केले. यंत्र उघडणे किती सोपे, सुटे भाग मिळतात काय, त्यांची किंमत काय, यांवर हे गुण ठरतात. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्याचे संकेतस्थळ सुरू झाले आणि मे २०२५ मध्ये मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुरुस्ती-निर्देशांकाचा अहवालही विभागाला सादर झाला. विजेच्या उपकरणांवर ताऱ्यांची चिठ्ठी आली, तेव्हा फ्रिज घेताना तारे मोजण्याची सवय सामान्य गृहिणीला किती लवकर लागली, हे आपण पाहिले आहे. लॅपटॉपच्या बाबतीतही ते होईल. चिठ्ठी मात्र सक्तीची हवी.

ग्राहकानेही आपले घोडे पुढे दामटले पाहिजे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात केवळ उत्पादनातील नव्हे, तर रचनेतील दोषासाठीही उत्पादकाला जबाबदार धरण्याची तरतूद आहे. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूबाबत जिल्हा आयोगापुढे तक्रार करण्यास शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची आहे. 'फिजिकल डॅमेज' हे दोन शब्द ऐकून माघारी फिरण्याऐवजी ते लेखी मागावेत, फुटलेल्या खुंटांची छायाचित्रे काढून ठेवावीत. एकाच नमुन्याच्या यंत्रात तीच बिजागरी त्याच जागी शेकडो घरांत तुटत असेल, तर तो शेकडो ग्राहकांचा निष्काळजीपणा कसा, या प्रश्नाचे उत्तर कंपनीला आयोगापुढे द्यावे लागेल. ग्राहक पंचायतीसारख्या संघटनांनी अशा तक्रारी नमुनावार एकत्र केल्या, तर एकट्या पालकाला जे साधत नाही ते साधेल. आणि खरेदीच्या वेळीच दुकानात यंत्र मागून घेऊन पडद्याची कडा एका हाताने उघडून पाहावी, कवच कोपऱ्यात दबते काय ते अंगठ्याने चाचपावे, मागील स्क्रू सोडवून मेमरी-बॅटरी बदलता येते काय हे विचारावे. विक्रेत्याला उत्तर येत नसेल, तर दुसऱ्या दुकानात जावे. मडके घेताना वाजवून घेणारा समाज लॅपटॉप घेताना फलक वाचून निघून येतो, हे काही बरे नाही.

आमच्या सहकाऱ्याच्या कन्येने अखेर साडेनऊ हजार खर्च केले नाहीत. गावातल्या दुरुस्तीवाल्याने पडद्याच्या पाठीला चार भोके पाडली, नट-बोल्ट आवळले आणि सहाशे रुपये घेतले. ते यंत्र आता तिसऱ्या वर्षाला लागले आहे. राज्यातील विद्यापीठे आणि शिक्षण विभाग यांच्या पुढील खरेदीच्या निविदा निघण्यापूर्वी संबंधित अधिकाऱ्यांनी ते एकदा पाहावे, अशी आमची विनंती आहे. ती मुलगी ते दाखवायला तयार आहे.